तुम्ही विचारलंत म्हणून: ती हॉटेलातली आगाऊ पोरगी

दर मे महिन्यात आमच्या सोसायटीतली पोरं दुपारची माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर पसरतात, मी त्यांना सिनेमा लावून देते, आणि दरवर्षी कुणाची तरी आई मला जिन्यात गाठून तेच विचारते. अहो ताई, ते ‘एलॉईज ॲट द प्लाझा’ कशाला दाखवता, आमचं कार्टं आधीच ऐकत नाही, त्यात ही पोरगी बघून अजून डोक्यावर बसेल. तर आता विचारलंतच म्हणून एकदा बसून सांगते, भाजीची पिशवी हातात धरून मला धड बोलता येत नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, सिनेमा 2003 चा, डिस्नेचा, टीव्हीसाठी केलेला. सहा वर्षांची एलॉईज न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अगदी वरच्या मजल्यावर राहते. सुट्टीपुरती नाही, तेच तिचं घर. सोबत तिला सांभाळणारी नॅनी, एक पग कुत्रा आणि एक कासव. दिवसभर लिफ्टने वरखाली, कॉरिडॉरमधून पळापळ, मोठ्यांच्या पार्टीत न बोलावता घुसणं, आणि मॅनेजर बिचारा रडकुंडीला. हॉटेल खरोखरचं आहे बरं का, सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावर, 1907 साली सुरू झालेलं. 2012 मध्ये तर आपल्याकडच्या सहारा ग्रुपने त्यातला मोठा हिस्सा घेतला होता, 2018 ला गेलं ते कतारवाल्यांकडे. हे मी पोरांना सांगितलं की त्यांना काही वाटत नाही, त्यांच्या बाबांना फार वाटतं.

मूळ गोष्ट के थॉम्पसन नावाच्या बाईंच्या 1955 च्या पुस्तकातली, चित्रं हिलरी नाइटची. बाई गायिका, हॉलिवूडमध्ये भल्याभल्यांना गाणं शिकवणाऱ्या, आणि काही काळ स्वतःच प्लाझात राहिलेल्या. 1956 मध्ये टीव्हीवर एलॉईज आली ती त्यांना इतकी आवडली नाही की त्यानंतर त्यांनी कुणाला पडद्यावर करूच दिली नाही. 1998 ला त्या गेल्या, म्हणून हा सिनेमा एवढा उशिरा. आणि तुमच्या प्रश्नाशी संबंध असलेली गोष्ट म्हणजे ते पुस्तक मुळात मुलांसाठी म्हणून आलंच नव्हतं, ‘अकाली शहाण्या झालेल्या मोठ्यांसाठी’ असं त्याच्या नावाखाली लिहिलेलं होतं. म्हणजे बिघडायची भीती असलीच तर ती तुम्हाला, पोरांना नाही.

मला विचाराल तर मी तो नॅनीसाठी बघते. ज्युली अँड्र्यूज. याच बाईंनी 1964 मध्ये ‘मेरी पॉपिन्स’ सिनेमातली नॅनी केली होती, ती कशी कडक इस्त्रीतली, छत्री घेऊन येणारी, आणि इथे केस विस्कटलेली, दमलेली, एकच गोष्ट तीनतीनदा सांगणारी. नाही, नाही, नाही. प्रत्येक आई तेच करते की, आणि पोरगी एकदाही ऐकत नाही.

पण खोड्या जरा बाजूला ठेवा आणि ती पोरगी बोलते कुणाशी ते बघा. आई कायम बाहेर, बापाचं तर नावच नाही. मग वेटर, लिफ्टवाला, किचनमधली माणसं, यांच्यातच तिचा दिवस जातो. 2003 मध्येच आलेल्या नाताळच्या भागात ती एका वेटरचं प्रेम जुळवायला जिवाचं रान करते आणि ती मुलगी कोण तर मालकाची. मोठ्या माणसांच्या जगात नाक खुपसते म्हणून आपण तिला आगाऊ म्हणतो, पण तिच्या आजूबाजूला दुसरं जगच नाही, ती तरी नाक खुपसणार कुठे?

हे मला कळतं कारण मी सात ते अकरा वर्षांची होईपर्यंत कोल्हापुरात एका लॉजमध्ये वाढले. प्लाझा कुठलं, एसटी स्टँडजवळचं चार मजली, बाबा तिथे मॅनेजर आणि आम्हाला मागची एक खोली. आजी अंथरुणाला खिळलेली म्हणून आई गावी असायची, महिन्यातून एकदा यायची, एरवी तिचा फोन काउंटरवर यायचा आणि समोर गिऱ्हाईक असलं की बाबा दोन मिनिटांत ठेवायला लावायचे. शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं काय मजा, रोज हॉटेलात. जिन्यात पळायचं नाही, मोठ्याने गायचं नाही, कुणाच्या दाराशी उभं राहायचं नाही, ही ती मजा.

तर एका रात्री मी काय केलं, अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं रूमच्या बाहेर चपला काढून झोपायची, त्या सगळ्या चपला मी बदलल्या, दुसऱ्या मजल्याची डावी तिसऱ्यावर, तिसऱ्याची उजवी खाली. पहाटे काकड आरतीला निघणाऱ्या माणसांचा काय गोंधळ होईल याचा विचार करत मी गाढ झोपून गेले. जाग आली ती आप्पाने हलवल्यावर, साडेतीन वाजता. आप्पा म्हणजे आमचा रूमबॉय, पन्नाशीचा होता तरी रूमबॉयच. ओरडला नाही. जिन्यात घेऊन गेला, सगळ्या चपला त्याने गोळा करून पायरीवर ओतलेल्या, आणि म्हणाला, “बस हितं आन् लाव जोड्या.” मला एक जोडी लागेना आणि तो मात्र, ही बारा नंबरच्या आजींची, टाच झिजलीय बघ, ही सोळातल्या मास्तरांची, असं एकेक सांगत गेला. सव्वाचारला आम्ही शेवटची जोडी दाराशी ठेवली. बाबांना त्याने कधीच सांगितलं नाही.

पुढे तो रोज रात्री प्रत्येक चपलेच्या तळाला खडूने रूमचा नंबर घालायचा. खडू मी शाळेतून आणून द्यायचे. विचारून नाही.