लिओनोव्ह आणि दाबाचे गणित

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी लिहाव्यात अशी अपेक्षा असते. मला मात्र ही जागा अलेक्सेई लिओनोव्ह यांना द्यावीशी वाटते. अंतराळात यानाबाहेर पडणारा पहिला माणूस, एवढीच त्यांची ओळख विद्यार्थ्यांना असते. १८ मार्च १९६५ च्या त्या बारा मिनिटांत काय बिघडले आणि का बिघडले, हे शाळेतल्या बॉइलच्या नियमाने (तापमान तेच असताना हवेची जागा कमी केली की तिचा दाब वाढतो) समजू शकते, म्हणून ते इथे सांगतो.

लिओनोव्ह यांचा जन्म ३० मे १९३४ चा, सैबेरियातल्या लिस्तव्यांका गावातला. ओढा चित्रकलेकडे, पण कलाशाळेचा खर्च झेपला नाही. ते लढाऊ वैमानिक झाले आणि १९६० साली सोव्हिएत संघाच्या पहिल्या वीस अंतराळवीरांत गागारिन यांच्याबरोबर निवडले गेले.

लिओनोव्ह यांच्या ‘व्होस्खोद-२’ यानातली विद्युत-उपकरणे हवेने थंड ठेवली जात. केबिनमधली हवा काढून टाकली असती तर ती तापून निकामी झाली असती. त्यामुळे थेट दार उघडून बाहेर पडणे शक्यच नव्हते. मग यानाच्या अंगाला ‘व्होल्गा’ नावाची घडीची नळी जोडली. कक्षेत पोचल्यावर ती फुगवायची. फुगल्यावर लांबी अडीच मीटर, आतला व्यास जेमतेम एक मीटर. आतले दार लावायचे, नळीतली हवा सोडायची, मग बाहेरचे दार उघडायचे.

अंगावर ‘बेर्कुत’ पोशाख होता. त्यातला दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या ०.४ पट. आकडा लहान वाटतो, पण बाहेर निर्वात असल्यामुळे हा सगळा दाब पोशाखाच्या कापडावर येतो. फुगलेल्या बाहीचा कोपर वाकवायचा म्हणजे आतल्या हवेची जागा कमी करायची. प्रत्येक हालचालीला हवेविरुद्ध झगडावे लागते. शिवाय पोशाख ताणून लांब झाला. बोटे हातमोज्यांच्या टोकांतून मागे सरकली, पाय बुटांतून निसटले. मांडीजवळच्या कॅमेऱ्याच्या बटणापर्यंत हात पोचेना. सुमारे पाच मीटरची दोरी गोळा करत नळीत शिरायचे, तर पकडच बसत नव्हती.

पोशाखाला दाब ०.२७ पर्यंत उतरवणारी झडप होती. लिओनोव्ह यांनी जमिनीवरच्या नियंत्रकांना न कळवता ती वापरली. यात धोका होता. दाब एकदम उतरला की रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो; सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसेच. पण ते बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेत होते, म्हणजे शरीरातला बराचसा नायट्रोजन निघून गेलेला होता. त्यांनी हा हिशेब करून झडप फिरवली, हे मला त्यांच्या धाडसाइतकेच मोलाचे वाटते. तरी पाय आधी घालायचे ठरलेले असताना ते डोके आधी घालून शिरले, आणि त्या एक मीटर रुंदीच्या नळीत उलटे फिरले.

परतीचा प्रवासही सरळ झाला नाही. यानाची दिशा आपोआप साधणारी यंत्रणा चालली नाही. कमांडर पावेल बेल्यायेव यांनी ती हाताने साधली, पण निशाणा धरण्याचे उपकरण असे बसवलेले होते की आसनांवर आडवे झाल्याशिवाय त्यातून बघता येत नव्हते. तोल राखण्यासाठी दोघांनी आपापल्या जागी परतणे भाग होते. त्यात इंजिन पेटायला काही सेकंद उशीर झाला. कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर. यान ठरलेल्या जागेच्या कितीतरी पुढे, उरलजवळच्या बर्फाच्या जंगलात उतरले. दोन रात्री तिथे काढून ते स्कीवर हेलिकॉप्टरपर्यंत गेले.

दाबाचा प्रश्न पुढेही त्यांच्यासमोर येत राहिला. १९७१ मध्ये ‘सोयूझ-११’ मधून जाणारा मुख्य चमू त्यांचाच होता. सहकारी कुबासोव्ह यांच्या फुप्फुसात डाग दिसल्याने ऐनवेळी राखीव चमू गेला. परतताना यानाचे भाग सुटे होताना एक झडप उघडली, केबिनमधली हवा निघून गेली आणि तिघेही मरण पावले. तिघांच्या अंगावर दाबाचा पोशाख नव्हता, कारण तो घालून तिघे त्या केबिनमध्ये मावत नसत. त्यानंतर एक आसन कमी करून पोशाख सक्तीचा झाला.

जुलै १९७५ मध्ये सोव्हिएत सोयूझ आणि अमेरिकेचे अपोलो ही याने कक्षेत जोडली गेली. अपोलोत एक-तृतीयांश दाबाचा ऑक्सिजन, सोयूझमध्ये पृथ्वीसारखी हवा. मधे दाब बदलण्याची खोली बसवली आणि जोडणीच्या काळात सोयूझमधला दाब सुमारे दोन-तृतीयांशावर आणला, म्हणजे ये-जा करताना ऑक्सिजन घेत तासन्‌तास थांबावे लागू नये. सोयूझचे कमांडर लिओनोव्ह होते. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. रबरी हातमोजा जाड सुती हातमोज्याच्या आत घाला, पंपाने टच्च हवा भरून तोंड घट्ट बांधा आणि एक बोट वाकवून पाहा. सोडताच ते ताठ होईल. मग थोडी हवा काढून पुन्हा वाकवा. पोशाखातही असेच दोन थर असतात: आतला हवा धरणारा, बाहेरचा त्याला फुगू न देणारा. सुती मोजा न घालता केलेत तर रबर नुसतेच फुगेल आणि फरक नीट कळणार नाही.