आमची वाटचाल : बारा घरं आणि एक नोंदवही

आम्ही निवासी शाळांची वसतिगृहं चालवायला घेतो. इमारत शाळेची, वर्ग शाळेचे. गृहपाल, मेट्रन, रात्रपाळी, मेस, धुलाई आमच्याकडे. करारात अगदी शेवटी एक ओळ असते, ‘पालकांशी संपर्क ठेवणे’. ठेका राहतो किंवा जातो तो याच ओळीवर. गाद्या आणि बादल्यांवरून आमचा ठेका आजवर कुणी काढलेला नाही.

सुरुवातीच्या भागीदार मूळच्या मेट्रन. सगळे त्यांना बाईच म्हणत. नोंदवहीचे रकाने त्यांनी आखले ते आजही तसेच आहेत: तारीख, मुलाचं नाव, आपल्याकडून कोण बोललं, घरचं कोण बोललं, काय सांगितलं, घरून काय कळलं, पुढे काय करायचं, कधीपर्यंत. ‘घरून काय कळलं’ हा रकाना नवी माणसं रिकामा सोडतात. मग तो फोन म्हणजे नुसती वर्दी. आजी दवाखान्यात आहे, वडिलांची बदली झाली, घरात नवं बाळ आलंय, हे सगळं त्या रकान्यात येतं, आणि गेल्या आठवड्यापासून मुलगा का चिडचिडा झालाय याचं उत्तरही बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

एका गृहपालाकडे बारा मुलं. प्रत्येक घरी पंधरवड्यातून एक फोन, म्हणजे आठवड्याला सहा, आठ-आठ मिनिटांचे. एकूण 48 मिनिटं. ही मिनिटं ड्यूटीच्या तक्त्यात छापलेली हवीत. ‘सवड मिळाली की करा’ म्हटलं की सवड कधीच मिळत नाही, फोन ताप आणि तक्रारीपुरता उरतो, आणि आपला नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येतो. ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. झोप, जेवण, सोबत, अभ्यास यांतलं काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. ‘काल स्वतःहून बुद्धिबळाच्या पटाशी जाऊन बसला’ एवढंही पुरतं.

नव्या मुलांचे पहिले तीन आठवडे वेगळे. पहिल्या रात्री गृहपालाचा निरोप, तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी मुलाचं स्वतःचं घरी बोलणं. ज्या पालकांना वाचायची सवय नाही त्यांना आवाजी निरोप. मुलांच्या फोनची वेळ खेळ आटोपल्यावर आणि संध्याकाळच्या अभ्यासाआधी. झोपायच्या तोंडावर फोन दिला की बोलणं संपतं आणि दिवे मालवतात, मूल आठवणीसोबत एकटं पडतं. खेळानंतर निदान आजूबाजूला माणसं असतात. पालकांना प्रवेशाच्या दिवशीच सांगा, ‘नाहीच जमलं तर न्यायला येतो’ असं वचन देऊ नका. ते मिळालं की मूल जमवून घ्यायचं सोडून दिवस मोजायला लागतं. रडून फोन ठेवलेलं मूल बऱ्याचदा दहा मिनिटांत जेवणाच्या रांगेत ढकलाढकली करत असतं. हे आईला त्याच रात्री कळवायचं. नाहीतर ती बिचारी सकाळपर्यंत जागी.

आता कांजिण्यांचं. घरचे म्हणतात, लिहू नका. लिहिणार.

एका मुलाच्या अंगावर दुपारी पुरळ दिसला. डॉक्टर संध्याकाळी यायचे होते. ते बघेपर्यंत पालकांना कळवू नका, असं व्यवस्थापनाने सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. तिथेच चुकलं. संध्याकाळच्या फोनवर मुलांनीच घरी सांगून टाकलं. मुलं सांगणारच. रात्री पालकांच्या गटात कांजिण्यांची देवी झाली, एकाचे अकरा झाले. आम्ही सूचना पाठवली तीही अनेकांना मिळाली नाही, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरली होती. ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो निरोप जात नाही. सकाळी फाटकाशी गाड्या उभ्या. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत 10 ते 21 दिवस जातात, आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच मूल आजार पसरवू लागतं. म्हणजे धडधाकट दिसणारी काही मुलं तो घेऊनच घरी गेली. घरी धाकटी भावंडं, एका घरी गरोदर आई. नेऊ नका म्हणायला आम्हाला तोंडच राहिलं नव्हतं.

महिन्याभरात एक कंपनी व्यवस्थापनाच्या दारात हजर. त्यांचं ॲप, खोल्याखोल्यांत कॅमेरे, पालकांना घरबसल्या थेट चित्र. आम्हाला तीन महिन्यांची नोटीस मिळाली. मुलांचं वसतिगृह गेलं, मुलींचं राहिलं, कारण मुलींच्या खोल्यांत कॅमेरे लावायला पालकच तयार होईनात.

कॅमेऱ्याचं गणित आम्ही व्यवस्थापनाला तोंडी आणि लेखी, दोन्ही सांगून पाहिलं होतं. मुलगा पलंगावर एकटा बसलेला आईला दिसतो, ती लगेच फोन करते, गृहपाल अकरा जणांना सोडून धावतो, आणि मुलगा बुटाची नाडी बांधत असतो. चित्राला आवाज नाही, मागचं-पुढचं नाही. दुसऱ्याचं मूल कपडे बदलताना दिसतं त्याचं काय? आणि रडणाऱ्या मुलाशेजारी बसायला कर्मचारी कचरू लागतात, कारण पाहणारा काय अर्थ काढेल याचा भरवसा नसतो. पुढे तेच झालं. तिथे एका वर्षात चार गृहपाल बदलले. ते वसतिगृह आमच्याकडे परत आलं, पण नोटीस चुकली होती असं कुणी आजतागायत म्हटलेलं नाही.

नोटिशीच्या त्या तीन महिन्यांत बाईंनी एका पानाचा नमुना केला. पाच ओळी: काय झालं, कधी दिसलं, आम्ही काय केलं, तुम्ही काय करा, पुढची बातमी किती वाजता. पाचवी ओळ सगळ्यात महत्त्वाची. सात म्हटलं की सातला निरोप जायचा, नवं काही नसेल तर ‘नवं काही नाही’ असा. ताप 38 अंशांवर गेला की तासाभरात घरी फोन, डॉक्टर येवोत न येवोत. पुरळ असेल तर निदानाची वाट न पाहता ‘पुरळ आहे, डॉक्टर इतक्या वाजता बघतील’ एवढं सगळ्यांना. ब्रॉडकास्ट बंद केलं. 2018 पासून व्हॉट्सॲपच्या गटात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आहे, ती सूचनांसाठी वापरतो. ड्यूटीचा फोन एकच, पाळी बदलताना नोंदवहीबरोबर सही करून हातात द्यायचा. गृहपालाचा खासगी नंबर पालकांना देत नाही. दिला की त्याची सुट्टी संपली, आणि सहा महिन्यांत तोही.

नंतरची वर्षं सुरळीत गेली.

भेटीच्या दिवसाबद्दल मात्र सांगायलाच हवं. दहा दिवस आधी यादी करा, कुणाचं कुणी येणार नाही. त्या प्रत्येक मुलाला दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर जोडा, दोन्ही घरांना विचारून आणि मुलाला आधी सांगून. ऐनवेळी ‘जा रे त्यांच्याबरोबर’ म्हटलं तर ते मूल धुलाईच्या खोलीत लपून बसतं. व्यासपीठावरून कर्मचाऱ्यांची ओळख करून देऊ नका, टाळ्या वाजतात आणि नावं विसरली जातात. मेसची माणसं, रात्रपाळीचा पहारेकरी यांना एकेका टेबलावर पालकांसोबत बसवा. रात्री फाटक कोण उघडतं हे पाहिलेली आई वेगळ्या आवाजात फोन करते. भेटवस्तू कुणीही घ्यायच्या नाहीत, त्याऐवजी आभाराची वही. आई-वडील वेगळे राहत असतील तर मुलाला कोण नेऊ शकतं हे प्रवेशाच्या वेळी लेखी घ्या, गेटपासवर त्यांचा फोटो लावा. फाटकाशी उभं राहून हा वाद सोडवता येत नाही.

गृहपाल नोकरी सोडतो तेव्हा बारा घरं एकदम अनोळखी होतात. म्हणून शेवटच्या पंधरवड्यातले फोन जुन्या आणि नव्या गृहपालाने एकत्र करायचे. जुन्याने ओळख करून द्यायची आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं बाईंनाही जमलं नव्हतं.

त्या कंपनीचा माणूस मागे भेटला तेव्हा नोंदवहीचे रकाने मागत होता. दिले नाहीत. आता इथे लिहिलेच आहेत तर घ्या. सहावा रकाना रिकामा सोडू नका.