टाइपरायटर आणि माझ्या कथा

कथा लिहिणाऱ्याकडे टाइपरायटर असणारच, ही समजूत बहुधा सिनेमांतून आली असावी. भेटणारे वाचक हटकून विचारतात, 'सुरुवातीच्या कथा तुम्ही टाइपरायटरवर लिहिल्यात का?' तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नाही, हातानेच लिहिल्या. टायपिंग येत होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात कारकुनीची आशा धरणारी मुले मिनिटाला ३० शब्दांची मराठी परीक्षा देत, तशी मीही दिली.

शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले आणि पुढे रेमिंग्टनने बाजारात आणलेले हे यंत्र रोमन लिपीच्या मोजक्या अक्षरांसाठी घडले होते. तेवढ्याच कळांत देवनागरी बसवताना अक्षरे मोडावी लागली. रेमिंग्टनच्या मांडणीत ख, ध, भ, श यांची अर्धी रूपेच कळांवर असतात आणि काना जोडला की अक्षर पुरे होते. 'कि' उमटवायची तर वेलांटी आधी आणि क नंतर. समोर तयार मजकूर असला की बोटे हे बिनबोभाट करतात, पण वाक्य अजून मनात जुळत असताना अशी उलटापालट मला तरी जमली नाही. शिवाय कार्बन लावलेल्या कागदावर खाडाखोड परवडत नाही, आणि माझे लेखन म्हणजे निम्मी खाडाखोडच.

पाश्चात्त्य लेखकांचेही चित्र वाटते तितके सरळ नाही. मार्क ट्वेनच्या 'लाइफ ऑन द मिसिसिपी'ची (१८८३) टाइप केलेली प्रत प्रकाशकाकडे गेली, पण ती हस्तलिखितावरून दुसऱ्याने काढलेली होती. मनगट दुखू लागल्यावर हेन्री जेम्स १८९७ पासून टायपिस्टला मजकूर सांगू लागला, आणि त्याची आधीच लांब असलेली वाक्ये आणखी लांबली, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

सांगणारा एक आणि टाइप करणारा दुसरा, हा प्रकार आमच्याकडे तहसील कचेरीबाहेर रोज चाले. कास्तकार वावराच्या धुऱ्याचे भांडण आजोबांपासून सुरू करी, मध्येच रडे, भावाला शिव्या देई. टायपिस्ट पान चघळत सगळे ऐकून घेई आणि मग 'अर्जदार वरील ठिकाणचा रहिवासी असून' असा एका दमात सुरू होई. काय गाळायचे हे त्याला कळे. मला ते शिकायला फार वर्षे लागली.

दिवाळी अंकासाठी माझी पहिली कथा त्यानेच पानामागे पैसे घेऊन टाइप करून दिली. कथेतल्या म्हातारीच्या बोलण्यात जागोजागी 'सदर' घुसला होता. बाकीचे मी खोडले. जावयाबद्दल बोलतानाचा एक मात्र राहू दिला, कारण त्याच्याविषयी ती तसेच बोलली असती.