तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅटमध्ये पाच-सहा फिशटँक सांभाळायचे कसे?

घरात एकापेक्षा जास्त फिशटँक दिसले की येणारा माणूस हमखास विचारतो, "एवढ्या टाक्यांचं पाणी बदलता कधी? आणि आम्हालाही करायच्या असतील तर आधी कुठले मासे आणू?" मासे सगळ्यात शेवटी आणा, हे पहिल्याच दमात सांगतो. बाकीच्याचं थोडक्यात उत्तर असं, की टाक्या कितीही असोत, पाणी एकाच पिंपातलं आणि हवा एकाच पंपाची ठेवायची. जाळी आणि स्पंज मात्र टाकीगणिक वेगळे. हे जमवलं तर सहा टाक्यांना आठवड्याला दीड-दोन तास पुरतात. प्रत्येक टाकीला वेगळा फिल्टर, वेगळं पाणी, वेगळी बादली असं सुरू झालं, की तिसऱ्या टाकीनंतर घरातले आणि मासे दोघेही वैतागतात.

आधी वजन. उदाहरणादाखल चार टाक्यांचं दोन मजली रॅक धरू. एकेक टाकी २ फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच. मापाने १०६ लिटर, पण वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ९० लिटर. म्हणजे चार टाक्यांचं नुसतं पाणीच ३६० किलो. काच, वाळू, लोखंड धरून हे प्रकरण सव्वापाचशे किलोच्या आसपास जातं, आणि उभं असतं जेमतेम ६ चौरस फुटांवर. राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो, या हिशेबाने धरलेला असतो. तो आकडा अख्ख्या खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पण रॅक खोलीच्या मधोमध नको. ज्या भिंतीखाली बीम आहे तिला लांबीने चिकटवून, शक्यतो कॉलमजवळ ठेवा. रॅकला तिसरा मजला चढवू नका. बाल्कनी तर नकोच. ती बहुतेक वेळा बाहेर लोंबणारी असते, शिवाय दुपारचं ऊन आणि शेवाळ फुकट. इमारत ठाण्यात नौपाड्यातली जुनी किंवा वाशी-नेरुळची जुनी सिडकोची असेल, तर सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल वाचल्याशिवाय रॅकची ऑर्डर देऊ नका. त्यात तुमच्या मजल्याचं काही निघालं असेल, तर इंजिनिअरला विचारून मगच पुढे जा.

रॅक दीड इंची चौकोनी लोखंडी पाइपचं, २ मिमी जाडीचं, पावडर कोटिंग केलेलं. खाडीकडच्या दमट हवेत नुसता ऑइल पेंट फार टिकत नाही. वर १८ मिमीचं बीडब्ल्यूपी (पाण्याने न सुटणारं) प्लाय, त्यावर १० ते १२ मिमीचा थर्माकोल, मग टाकी. खालच्या टाकीच्या काठापासून वरच्या फळीपर्यंत एक फूट मोकळं हवं. फॅब्रिकेटर ते हमखास सहा इंचांवर आणतो, आणि मग जाळी आत जाते पण माशासकट बाहेर येत नाही. या मापाला ६ मिमी काच चालते. ८ मिमी घेतलीत तर निर्धास्त. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीरोधक औषध नसलेलं घ्या. बाथरूमसाठी मिळतं त्यात ते औषध असतं आणि माशांना बाधतं. जोड भरल्यावर आठवडाभर टाकी कोरडी राहू द्या.

आता हवा. सगळ्या टाक्यांना मिळून एकच मोठा एअर पंप घ्या, मिनिटाला ३५-४० लिटरचा. त्याला पितळी तोटीपट्टी आणि प्रत्येक टाकीत एक स्पंज फिल्टर, म्हणजे बुडबुड्यांच्या जोरावर पाणी स्पंजमधून ओढणारा. स्पंजला मिनिटाला दोन-तीन लिटर हवा पुरते, म्हणजे सहा टाक्या चालवूनही हवा उरते. उरलेली एका तोटीतून मोकळी सोडा. ती कोंडली की पंप तापतो आणि आतला रबरी पडदा (डायफ्रॅम) लवकर फाटतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर प्रत्येक नळीला चेक व्हॉल्व्ह लावा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं आणि पंपात शिरतं. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झुकलेली हवी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी सॉकेटऐवजी जमिनीवर पडेल. या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या. यात काटकसर करू नये. ३५ वॉटचा पंप चोवीस तास चालून महिन्याला २५ युनिटच्या आसपास घेतो, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर टाकायला काहीच हरकत नाही. दिव्यांना इन्व्हर्टर लागत नाही.

पाण्याशी मात्र सावकाश ओळख करून घ्यावी लागते. ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं, नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत मोरबे धरणाचं पाणी येतं. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून आलेलं पावसाचं पाणी हे, त्यामुळे मुळात मऊ. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवलात तर आकडा बहुधा शंभराच्या आसपास किंवा खालीच दिसतो. प्यायला छान, पण त्यात कार्बोनेट कमी असतात, म्हणजे केएच कमी. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामात आम्ल तयार होतं. ते झेलायला केएच नसेल तर पीएच हळूहळू घसरतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाला जवळजवळ थांबतात. "टाकी सहा महिने झकास होती आणि अचानक मासे वर येऊन तोंड मारायला लागले" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. त्यात घाबरून एकदम अर्धं पाणी बदललं, की पीएच झपकन वर जातो, साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि सकाळी टाकी रिकामी.

उपाय स्वस्त आहे. केएच ३ ते ४ अंशांवर ठेवा. १०० लिटरला ३ ग्रॅम खायच्या सोड्याने केएच सुमारे १ अंशाने वाढतो. सोडा बदलण्याच्या पाण्यातच विरघळवा, टाकीत थेट टाकू नका. रोजची कटकट नको असेल तर फिल्टरजवळ मूठभर प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवा. पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की तो आपोआप विरघळतो. जुलै-ऑगस्टमध्ये जास्त लक्ष द्या. गढूळ पाण्यात तुरटी जास्त पडते आणि तुरटी होती नव्हती ती क्षारताही खाते. मे महिन्यात याच्या नेमकं उलट होतं. सोसायटी टँकर मागवते किंवा बोअरचं पाणी मिसळते, आणि टीडीएस एका रात्रीत तीन-चारशेने चढलेला दिसतो. पिंपातल्या आणि टाकीतल्या पाण्यात शंभराहून जास्त फरक असेल, तर त्या आठवड्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका.

ते पिंप म्हणजे २०० लिटरचा निळा ड्रम, झाकणाचा. झाकण नसेल तर डासांच्या अळ्या होतात, आणि पावसाळ्यात पालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा पंचाईत. आदल्या दिवशी भरून आत एक एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे काढणारा दगड) सोडला, की क्लोरीन उडतो आणि पाणी खोलीच्या तापमानाला येतं. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरा. १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. दर १० लिटरला १ मिलि. पावसाळ्यात क्लोरीनचा वास उग्र येतो तेव्हा ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून बघा. पाणी पिवळं झालं तर आणखी हायपो लागणार. चार टाक्यांचं ३० टक्के पाणी म्हणजे ११० लिटरच्या आत, एका ड्रममध्ये सहज बसतं. पाणीकपातीच्या दिवसाची सोयही त्यातच होते.

ड्रममधून टाकीत पाणी चढवायला सबमर्सिबल पंप आणि अर्ध्या इंचाचा पाइप. खोक्यावर "हेड अडीच मीटर" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ त्या उंचीला प्रवाह शून्य. तुमच्या वरच्या टाकीचा काठ पाच फुटांवर असेल, तर ताशी अडीच-तीन हजार लिटरचा पंप प्रत्यक्षात निम्मंही देत नाही. तेवढं पुरतं. जुनं पाणी साध्या सायफनने बाथरूममध्ये, किंवा शेजारच्या काकूंच्या कुंड्यांना. त्या ते आवडीने नेतात.

टाकी तयार करताना, म्हणजे स्पंजमध्ये ते जिवाणू वाढवताना, अनेक टाक्या असण्याचा खरा फायदा कळतो. चारही स्पंज पहिल्या टाकीत एकत्र चालू करा. मासे न टाकता १०० लिटरला ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घाला, म्हणजे अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. बाजारातला कल्हईचा नवसागर नको, त्यात काय काय असतं ते सांगता येत नाही. आपल्याकडच्या २८-३० अंशांत तीन ते सहा आठवड्यांत अशी वेळ येते, की आज घातलेल्या मात्रेचा उद्या अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य. मग बरंचसं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढा आणि एकेक स्पंज एकेका टाकीत न्या. जिवाणूही चार ठिकाणी वाटले गेले आहेत हे लक्षात ठेवून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक टाकीत ठरवलेल्याच्या तिसरा हिस्साच मासे. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून. नळाखाली धरलात, तर क्लोरीन महिनाभराचं काम धुऊन टाकतो.

आता मासे. सगळ्या टाक्यांना एकच पाणी वापरायचं ठरलंय, तर मऊ आणि गरम पाणी मानवणारे मासे निवडा. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीतही टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. निऑन टेट्रा इथेच मार खातो, त्याला पंचविशीच्या आतलं पाणी हवं. दिसायला तसाच असलेला कार्डिनल टेट्रा उष्णता सोसतो. तळाशी राहणाऱ्या कोरीडोरासमध्ये पांडा आणि मिरी रंगाचा पॅलिएटस घेऊ नका, स्टर्बाय घ्या. एका टाकीत १२ कार्डिनल आणि ६ स्टर्बाय. दुसरीत जर्मन ब्लू रॅमची एक जोडी आणि ८ रमीनोज टेट्रा. तिसरीत १० हार्लेक्विन रासबोरा, हनी गुरामीची जोडी आणि तळाला ५ कुली लोच. चौथी गप्पीची, हवीच असेल तर. गप्पी, मोली, प्लॅटी यांना कठीण पाणी लागतं, तेव्हा त्या टाकीत प्रवाळाचा चुरा जास्त. नुसते नर आणा. मादी एकटी आणलीत तरी दुकानातूनच गाभण असते आणि साठवलेल्या बीजावर काही महिने पिल्लं देत राहते. एंजलफिशला दीड-दोन फूट उंची लागते, या मापात नको.

दुकानात बोटभर दिसणारा, काचेला चिकटणारा सकर फूट-दीड फुटाचा होतो, "टायगर शार्क" म्हणून विकतात तो मीटरभर वाढू शकतो. वास्तूसाठी आठ लाल-एक काळा असे नऊ गोल्डफिश दोन फुटी टाकीत ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. महिनाभरात ते आपणहून विचारायला येतात. नको झालेला मासा ठाण्यातल्या तलावपाळीला किंवा उपवन तलावात सोडू नका. सकर असाच देशभरच्या नद्या-तलावांत पसरला. दुकानदार बहुधा परत घेतो.

कुर्ल्याच्या बाजारातून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणा, की घराजवळून, नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या २ बाय १ बाय १ फुटाच्या टाकीत राहिलाच पाहिजे. वाळू नको, फक्त स्पंज आणि पाइपचा एखादा तुकडा. तिचं जाळं आणि सायफन तिथेच राहतील, आणि पाणी बदलताना ती सगळ्यात शेवटी. पांढरे ठिपके दिसले तर तापमान ३० अंश आणि लिटरला २ ग्रॅम साधं मीठ, दहा दिवस. लोच आणि कोरीडोरासला मीठ निम्मं. हे ठिपके परजीवीचे, आणि औषध तो पाण्यात पोहत असतानाच लागू पडतं, म्हणून ठिपके गेल्यावरही थांबू नका. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धाग्यासारखे कृमी डोकावत असतील, तर लेव्हामिसॉल हे जंतनाशक लागतं. ती टाकी इतर टाक्यांपासून कटाक्षाने दूर.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटारातून येतो, तो नकोच. गणपतीला पाच-सात दिवस कोकणात जाणार असाल तर मोठ्या माशांना उपाशी ठेवा, त्यांना काही होत नाही. शेजाऱ्यांकडे डबा देऊन गेलात की प्रेमापोटी मूठभर पडतं आणि सगळं नासतं. पिल्लं असतील तर गोळ्यांच्या कप्पेवाल्या डबीत एकेका दिवसाचं मोजून द्या आणि मोठा डबा कपाटात ठेवा. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदलून घ्या, निघायच्या सकाळी नको; काही बिघडलंच तर कळायला दोन दिवस हातात राहतात.