दहा मीटरचा पॅसेज आणि तीन टिकल्या

फिजिओथेरपीत ‘गेट बघणं’ म्हणजे पेशंटला चालायला लावून चाल नेमकी कुठे बिघडते ते शोधणं. मोशन लॅब, म्हणजे कॅमेऱ्यांनी हालचाल मोजणारी प्रयोगशाळा, हाताशी नसली तरी सरळ पॅसेज आणि मोबाइल यांवर बरंच भागतं. मी ज्या क्रमाने बघते तो क्रम, आणि त्यात हमखास फसतं ते, इथे लिहिते.

पॅसेज १० मीटरचा घेते. पहिले २ मीटर वेग पकडायला, शेवटचे २ थांबायला, मधल्या ६ मीटरच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप. हे ६ मीटर ५ सेकंदांत आणि ९ पावलांत झाले, तर वेग सेकंदाला १.२ मीटर, मिनिटाला १०८ पावलं आणि एक पाऊल साधारण ६७ सेंटिमीटर. निरोगी प्रौढाची चाल याच घरात असते. पहिल्या दोन फेऱ्या मी धरतच नाही. कुणी बघतंय म्हटलं की माणूस कवायतीला उभा केल्यासारखा चालतो.

कपडे गुडघ्याच्या वर. साडी असेल तर चक्क खोचायला लावते, कारण निऱ्यांआड गुडघा दिसत नाही. तीन मोठ्या टिकल्या लावते: खुब्याच्या बाहेरच्या हाडावर, गुडघ्याच्या बाजूला आणि घोट्यावर. खुब्यावरची टिकली कातडीबरोबर सरकते, त्यामुळे तिथला कोन जपूनच धरायचा. मोबाइल कमरेच्या उंचीवर स्टुलावर ठेवायचा, हातात धरून पेशंटमागे फिरवायचा नाही. पेशंट कॅमेऱ्यासमोर बरोबर आडवा येतो तेव्हाचीच फ्रेम मोजायची, नाहीतर कोन खोटे येतात. आणि स्लो मोशन चालू हवं. एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचं चक्र सुमारे १.१ सेकंदाचं, साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत टाच टेकून वजन पायावर येण्याचा टप्पा तीन-चार फ्रेममध्येच उरकतो.

या चक्रात पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. मी जमिनीपासून वर बघत जाते, पण डोळ्यांआधी कान. टाच टेकल्यावर पाऊल ‘थप’ आवाज करत आपटलं, तर नडगीचा पुढचा स्नायू, टिबिआलिस अँटिरिअर, कमकुवत आहे. विहिरीत घागर सोडताना दोर हातातून आवरत सोडावा, तसं हा स्नायू चवड्याला खाली उतरवतो. चालण्यात स्नायूंचं बरंच काम असं आवरण्याचं असतं. लगेच गुडघा १५-२० अंश वाकतो आणि मांडीचा क्वाड्रिसेप्स त्याला आवरतो. पोलिओमुळे हा स्नायू गेलेली माणसं मांडीवर हात दाबून चालतात ती याच क्षणासाठी: वजन येताना हात मांडी मागे ढकलतो, गुडघा सरळ राहतो, दुमडत नाही.

पुढे वजन एका पायावर येतं, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. मागून बघा. वजनाची रेषा खुब्याच्या आतल्या बाजूने जाते, आणि कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मिडिअस, बाहेरून ओढतो तो जवळपास निम्म्याच अंतरावरून. ६० किलोच्या बाईंचा ढोबळ हिशेब करू. टेकलेला पाय वगळता उरलेलं ५० किलो सावरायला स्नायूला १०० किलोइतका जोर लावावा लागतो आणि सांध्यावर दीडशे किलोचा भार येतो. स्नायू कमी पडला की दुसऱ्या बाजूचा कुल्हा खाली जातो. १८९५ मध्ये जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी वर्णन केलेली खूण ती हीच. कित्येक पेशंट मात्र धड दुखऱ्या बाजूला कलतं करून हे झाकतात. कुल्हा सरळ दिसतो म्हणून नवशिका ‘नॉर्मल’ लिहून मोकळा होतो. म्हणून खांदेही बघायचे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात द्यायची, कारण तो हात खुब्यापासून लांब असल्याने थोड्या दाबातही स्नायूचं मोठं ओझं उतरतं. घरचे लोक बहुतेकदा त्याच बाजूच्या हातात देतात.

मग टाच कधी उचलते ते. लवकर उचलली तर पोटरी आखडलेली असण्याची शक्यता जास्त. उचललीच नाही तर पोटरीत जोर नाही. दोन्हींचे व्यायाम उलटे, त्यामुळे अंदाजाने ताण देऊ नये. पाऊल भिंतीपासून १० सेंटिमीटर मागे ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते बघते. नंतर एका पायावर टाचा उचलायला लावून दोन्ही बाजूंचा आकडा लिहिते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ‘पाय उचलून टाका’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीचा. पाय पुढे जाताना गुडघा सुमारे ६० अंश वाकतो, तो मुख्यतः मागून पोटरीने दिलेल्या रेट्यामुळे आणि खुबा आधी मागे गेल्यामुळे. मुद्दाम उचलायला लावलं की माणूस परेड करतो, पाऊल आखूड पडतं आणि रेटा आणखी कमी होतो. आधी सांध्यात तेवढा वाक आहे का ते बघायचं. असेल तर ‘मागचा पाय जरा मागेच राहू द्या, बोटांनी जमीन ढकला’ एवढंच सांगून पुन्हा व्हिडिओ घेते.

शेवटी पेशंटची रोजची चप्पल उलटी करून बघते. टाचेची मागची-बाहेरची कड झिजलेली चालते. पुढचं टोक झिजलं असेल तर पाय हवेत असताना चवडा घासतोय. अनवाणी व्हिडिओत तो दिसला नसेल, तर चप्पल घालून आणखी एक फेरी.