तुम्ही विचारलंत म्हणून: मी मालिकेत परत का आले

"परदेशी युनिटबरोबर दिवसाचे तिप्पट मिळत होते, मग परत मालिकेत का आलीस?" नातेवाईक विचारतात, फिल्मसिटीत नव्याने आलेल्या असिस्टंट मुलीही विचारतात. 'तिथं जमलं नसेल' असं बहुतेकांनी धरलेलंच असतं. जमलं होतं. पुढच्या कामासाठी फोनही आला होता.

मढला रात्रीचं शूट होतं. लॉस एंजेलिसहून आलेला एक असिस्टंट डिरेक्टर आणि मी, दोघं एकच काम करत होतो: ज्युनिअर आर्टिस्ट उभे करायचे, गर्दी हलवायची. बारा तास उलटले तसा तो खिशातून टाइमकार्ड, म्हणजे कामाचे तास लिहायचं कार्ड, काढून भरायला लागला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आठ तासांपुढे दीडपट, बारापुढे दुप्पट. इथेही त्याच्या करारात ओव्हरटाइम होताच. "तुझं कार्ड कुठाय?" मी म्हटलं, नाही. त्याला वाटलं, हरवलं. तो बिचारा माझ्यासाठी नवं आणायला प्रॉडक्शनच्या तंबूत गेला. परत आला तेव्हा हात रिकामे होते. नंतर पॅकअपपर्यंत तो माझ्याशी नजर मिळवून बोलला नाही.

थोड्या वेळाने प्रॉडक्शनमधल्या आपल्याच माणसाने मला बाजूला घेतलं. "ताई, त्यांना कशाला सांगता? त्यांचा हिशोब वेगळा, आपला वेगळा."

ते बोलणं मला फार लागलं. परदेशी लोकांची विश्रांतीची वेळ पाळायची म्हणून आम्हाला सेटवर पहाटेच बोलावायचं, हे मी तोवर निमूट सोसत होते.

मालिकेत न्याय आहे असं मी म्हणत नाही. इथे पैसे ९० दिवसांनी येतात, तेही मागून मागून. १९८१ च्या सिने-कामगार कायद्यात चित्रपटांच्या कामासाठी लेखी करार सक्तीचा होता, पण इथे माझी कितीतरी कामं फोनवरच ठरली. त्या रात्रीच्या आधीची मी आज समोर असते तर म्हणाली असती, "नायिकेच्या आणि तुझ्या पैशांतला फरक चालतो, आणि गोऱ्या माणसाचाच तेवढा खुपतो?" याला माझ्याकडे धड उत्तर नाही. नायिकेचं काम मी करत नाही, एवढंच म्हणू शकते. त्या रात्री काम एकच होतं.

पुन्हा फोन आला तर? मुलीची फी भरायची असेल तर जाईनही. पण तास किती आणि पुढच्या तासाचा दर काय, हे आधी लेखी मागेन. देतील असं वाटत नाही.