न मिळालेल्या तिकिटांपासून : ॲमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीतली आमची वाटचाल

ॲमस्टरडॅमला येणाऱ्या मराठी पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : ॲन फ्रँकच्या घराचं तिकीट मिळेल का? ही तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची निघतात आणि हातोहात संपतात. लेकाकडे महिनाभर राहायला आलेल्या काका-काकूंना हे कुठून ठाऊक असणार? मग प्रिन्सेनग्राख्तवर त्या घराबाहेर फोटो काढायचा, हळहळायचं आणि कालव्यातल्या बोटीत बसायचं. आमचा पायी फेऱ्यांचा व्यवसाय या हळहळणाऱ्या मंडळींपासून सुरू झाला. मी त्यांना सांगायची, ॲन नाझींपासून जिथे लपली ती तिच्या वडिलांच्या कंपनीची जागा; जुनी ज्यू वस्ती तिथून पायी अर्ध्या तासावर, वाटरलोप्लेन चौकाच्या आसपास आहे. तिथे तिकिटाशिवाय पुष्कळ बघण्यासारखं आहे, चला.

पुण्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ॲमस्टरडॅमलगतच्या आम्स्टेलफेनला आलो. इथे भारतीय भरपूर, आणि शेजारच्या बाउटेनफेल्डर्टसह या भागात ज्यू कुटुंबंही बरीच. कोशर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) बेकरीच्या रांगेत माझी एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख झाली. त्या जन्माने ॲमस्टरडॅमकर आणि ज्यू, शाळेत माझाच विषय शिकवलेल्या. पुढे त्या व्यवसायात भागीदार झाल्या. आमच्या फेरीतलं एकही वाक्य त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाहुण्यांसमोर जात नाही.

सुरुवातीला मैत्रिणींचे सासू-सासरे, मग त्यांचे शेजारी, मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून अनोळखी लोक. लोक आपणहून पैसे देऊ लागले तेव्हा रीतसर व्यापार नोंदणी केली. या शहरात 'फुकट' पायी फेऱ्यांचं पेव फुटलेलं आहे. शेवटी बक्षिशी द्यायची आणि गाइडने त्यावर भागवायचं. तसं करायचं नाही हे आम्ही दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवलं. बक्षिशीसाठी बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावावेत यासाठी बोललं जातं. हा इतिहास तसा सांगायचा नाही. आमची फी ठरलेली, आधी घेतलेली, आणि माणसं जास्तीत जास्त 12. महापालिकेने शहराच्या मध्यभागात गटाला 15 ची मर्यादा घातली आहे. अरुंद फुटपाथवर मला तेही जास्त वाटतात.

एका सहल कंपनीने बसभर माणसांना पाऊण तासात 'ज्यू पॉइंट' दाखवून द्याल का, असं विचारलं होतं. वर्षभराचं काम मिळालं असतं, आणि तेव्हा आम्हाला पैशांची गरजही होती. आम्ही नाही म्हटलं. पाऊण तासात फक्त मरण दाखवता येतं. या लोकांचं साडेतीनशे वर्षांचं जगणं दाखवायला अडीच तासही अपुरे पडतात, आणि आम्हाला जगणंच आधी दाखवायचं असतं.

म्हणून फेरीची सुरुवात तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या पुतळ्यापाशी. 1632 मध्ये तो याच भागात, पुढे बुजवलेल्या एका कालव्याच्या काठी जन्मला. 27 जुलै 1656 रोजी त्याच्याच समाजाने त्याला बहिष्कृत केलं. 2008 साली बसवलेल्या या पुतळ्याच्या झग्यावर चिमण्या आहेत आणि पोपट आहेत. पोपट नीट बघा, असं मी सांगते. गळ्याभोवती कंठ, लांब शेपूट : आपल्याकडे आंब्याच्या झाडावर बसतो तोच. हे पोपट ॲमस्टरडॅमच्या बागांतून थव्याने उडतात, इथल्या थंडीत टिकले आहेत, आणि शिल्पकाराने परक्या मुलखातून येऊन रुजलेल्यांची खूण म्हणून त्यांना स्पिनोझाच्या अंगावर बसवलं. स्पिनोझाचं घराणंही इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाचाला कंटाळून पोर्तुगालमधून निघालेल्यांतलं. गोव्यातले पाहुणे असले की इथे जास्त वेळ थांबतो, कारण इन्क्विझिशन म्हणजे काय हे त्यांना मला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे चित्रकार रेम्ब्रांचं घर लागतं. ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे तिथे आम्ही रेंगाळत नाही. तो 1639 पासून जवळजवळ वीस वर्षं या ज्यू शेजाऱ्यांत राहिला, एवढं सांगून पुढे जातो.

मग हिऱ्यांची गोष्ट, आणि ती मला मनापासून सांगावीशी वाटते. इथल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलेलं नव्हतं, पण बहुतेक कारागीर संघांची दारं त्यांना बंद होती. मग ज्या धंद्यांना संघच नव्हते त्यांत ते शिरले : छपाई, तंबाखू, साखर, आणि हिऱ्याला पैलू पाडणं. अठराव्या शतकापर्यंत हिरे यायचे ते मुख्यतः हिंदुस्थानातून. 1852 मध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडायचे ठरले, तेव्हा लंडनला कारागीर बोलावले गेले ते ॲमस्टरडॅमच्या कोस्टर कारखान्यातून. मुख्य कारागीर होता फोरझांगर नावाचा ज्यू. 186 कॅरटचा हिरा घासून जेमतेम 106 कॅरटचा राहिला. पाहुण्यांत इथे हमखास चुळबुळ होते, कुणीतरी म्हणतं, 'आमचा हिरा!' मी त्यांना म्हणते, आता तो घासणाऱ्या हातांकडेही बघू.

कारण पुढे दक्षिण आफ्रिकेतून हिऱ्यांचा लोंढा आला आणि हजारो गरीब ज्यू घरांची चूल त्यावर पेटू लागली. 1894 मध्ये हेन्री पोलाकच्या नेतृत्वाखाली हिरे कामगारांची संघटना उभी राहिली. ज्यू आणि ख्रिस्ती कामगार एकाच संघटनेत. 1911 मध्ये त्यांनी आठ तासांचा दिवस मिळवला. वास्तुविशारद बर्लागेने 1900 साली बांधलेली त्यांची इमारत आजही दिमाखात उभी आहे. गिरणगावात वाढलेले एक काका या इमारतीसमोर बराच वेळ बोलत होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो. पोलाकने कामगारांना वाचनाची गोडी लावली, हे ऐकल्यावर त्यांनी परळच्या वाचनालयांची आठवण काढली. अशा वेळी गाइडने गप्प बसावं, असं माझं मत आहे.

पोर्तुगीज सिनेगॉग, म्हणजे पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंचं प्रार्थनास्थळ, हा फेरीचा गाभा. 1675 साली पूर्ण झालेली ही वास्तू आजही विजेशिवाय चालते. पितळी झुंबरांत सुमारे हजार मेणबत्त्या लावल्या जातात. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते : बुटांची धूळ आणि ओल शोषून घेते, पावलांचा आवाजही दबतो. पुण्याच्या मंडळींनी तिथलं सिनेगॉग, म्हणजे लाल देऊळ, बाहेरून पाहिलेलं असतं, आत गेलेले फार थोडे. त्यामुळे इथे प्रश्नांची सरबत्ती होते. याच आवारात 1616 पासूनचं एट्स हाइम ग्रंथालय आहे. नाझींनी त्यातली पुस्तकं जर्मनीला नेली होती, युद्धानंतर ती परत आली. याच समाजातले काही जण 1686 मध्ये कोचीनला जाऊन तिथल्या ज्यूंना भेटले आणि त्या भेटीचा वृत्तांत पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. केरळ किती दूर आणि किती जवळ होतं, ते त्यावरून कळतं.

एकदा इस्रायलमधल्या लोद गावाहून एक बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी ज्यू) आजी आल्या, सोबत नात. जन्म अलिबागजवळचा, मराठी अस्सल आगरी वळणाची. त्यांच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, कारण धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद. आजींनी बाकावर बसून त्यांच्या मलिदा विधीची तयारी सांगितली : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव. माझ्या भागीदारबाईंना मी डचमध्ये सांगत गेले आणि त्यांनी वही काढून सगळं लिहून घेतलं. ताम्हणात पोहे कसे रचायचे, हे आजींनी त्यांना हाताने दाखवलं. तेव्हापासून बेने इस्रायलांचा भाग आमच्या इंग्रजी फेरीतही असतो, आणि युरोपीय पाहुण्यांना तो अगदी नवा असतो.

इथपर्यंत दीड तास झालेला असतो. आल्याचा पाक भरलेला गोड बोलुस खाऊन, चहा-कॉफी घेऊन मग उरलेला भाग.

सिनेगॉगच्या मागच्या चौकात गोदी कामगाराचा पुतळा आहे. फेब्रुवारी 1941 मध्ये याच चौकात नाझींनी सुमारे 400 तरुण ज्यूंना पकडून गुडघ्यांवर बसवलं आणि छावण्यांत पाठवून दिलं. त्यातले जवळजवळ कुणीच परतले नाहीत. 25 फेब्रुवारीला शहराने संप केला : ट्राम बंद, गोदी बंद, कारखाने बंद. संप दडपला गेला, पण तो झाला. दरवर्षी त्या तारखेला लोक इथे जमतात, आणि त्या दिवशी आम्ही फेरी घेत नाही, आम्हीही तिथे जातो.

प्लांताझे भागात एक जुनं नाट्यगृह आहे. 1942 पासून ज्यू कुटुंबांना आधी इथे कोंडून मग छावण्यांकडे रवाना केलं जाई. लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवत. नाट्यगृहाचा कारभार पाहणारे वाल्टर झ्यूसकिंड, पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट यांनी मिळून तिथून सुमारे 600 मुलं बाहेर काढली. ट्राम थांबली की पहारेकऱ्याला पलीकडचं दिसायचं नाही; तेवढ्यात मूल घेऊन कुणीतरी निघायचं. त्या रस्त्यावरून आजही ट्राम जाते. ती आली की मी बोलणं थांबवते आणि पाहुण्यांना सांगते, ती पुढे सरकेपर्यंत किती वेळ लागतो ते मनात मोजा. अध्यापक विद्यालयाच्या इमारतीत 2024 पासून राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे.

शेवटी वेस्पर रस्त्यावरचं नावांचं स्मारक, 2021 चं. विटांच्या भिंती, एका विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचं वय. 1,02,000 हून अधिक विटा. युद्धापूर्वी नेदरलँड्समध्ये सुमारे 1,40,000 ज्यू होते, त्यांतले तीन चतुर्थांश मारले गेले. आडनावांप्रमाणे रचना असल्याने एकेक कुटुंब लागून येतं : 41, 38, 12, 9. इथे मी स्वतः फार बोलत नाही. माझ्या भागीदारबाई सोबत असल्या तर त्यांच्या आजीच्या विटेपाशी नेतात, आणि आजीचा लोणच्यांचा गाडा कुठे उभा असायचा ते सांगतात. आजी कशी जगली ते आधी सांगायचं, हा आमचा नियम त्यांनीच घालून दिलेला.

कोविडमध्ये सगळं ठप्प झालं. भाडं भरण्यासाठी मी भाषांतराची कामं केली. ऑक्टोबर 2023 नंतर सिनेगॉगची तपासणी कडक आहे, आणि पाहुणे इस्रायल-गाझा युद्धाबद्दल विचारतात. प्रश्न साहजिक आहे. आम्ही कुणाला गप्प करत नाही, पण चालताना वादविवादही होऊ देत नाही; ज्या रस्त्यावर उभे आहोत, त्या रस्त्यावर काय घडलं, तेवढं सांगायची आमची पात्रता आहे. दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांनी आजवर हे समजून घेतलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आज आमच्यासोबत तीन तरुण गाइड आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि डच अशा चार भाषांत फेऱ्या होतात. मराठी फेरी मे ते सप्टेंबर, शनिवार सोडून, कारण शनिवारी सिनेगॉग पर्यटकांना बंद. येत्या हंगामात आउडरकेर्कच्या पोर्तुगीज ज्यू दफनभूमीची वेगळी फेरी सुरू करतोय. ती 1614 पासूनची. शहरातून मृतदेह आम्स्टेल नदीतून होडीने तिथे नेत असत. संगमरवरी थडग्यांवर बायबलमधले प्रसंग कोरलेले आहेत. नदीकाठचा रस्ता सपाट आहे, सायकलनेही जाता येईल, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी बसची सोय बघून ठेवली आहे.